नळीतला घास

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी तुमच्याशी एका नळीविषयी बोलणार आहे. पेन्सिलीहून बारीक, मीटरभर लांब, मऊ प्लॅस्टिकची ही नळी नाकातून घशात आणि घशातून जठरात उतरवतात. रुग्णालयात तिला ‘रायल्स ट्यूब’ म्हणतात. लंडनच्या जॉन राइल नावाच्या डॉक्टरांनी १९२१ मध्ये अशी नळी वापरात आणली आणि त्यांचं नाव तिला चिकटलं. त्या काळी जठरातला रस तपासणीसाठी बाहेर काढायला ती वापरत. आज तालुक्याच्या रुग्णालयातसुद्धा ती कपाटात असते आणि थोड्याशा रुपयांत मिळते. पण आजाऱ्याच्या घरच्यांना जेवढी भीती हिची वाटते, तेवढी मोठमोठ्या यंत्रांचीही वाटत नाही.

मी पोटाच्या विकारांचा डॉक्टर आहे. महिन्यातून एकदा कर्जत तालुक्यात कशेळ्याला रुग्ण तपासायला जातो. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. इथून एक वाट खांडसला, पुढे भीमाशंकरच्या डोंगराखाली जाते. उतारांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. पण फार आजारी माणसाला इथून उल्हासनगरला, पनवेलला, नाहीतर थेट मुंबईला न्यावं लागतं. तिथे मग अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेली माणसं एकच प्रश्न विचारतात, “डॉक्टर, किती दिवस उपाशी ठेवणार त्यांना?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. वैद्यकशास्त्रालाही त्याचं नीट उत्तर द्यायला तीसेक वर्षं लागली.

हा प्रश्न सर्वांत जास्त ज्या आजारात येतो त्याचं नाव स्वादुपिंडाचा तीव्र दाह. डॉक्टर त्याला ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवी पडलेली एक ग्रंथी. लांबी साधारण वीतभर, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. एवढीशी ग्रंथी दिवसाला लिटर-सव्वा लिटर पाचक रस तयार करते. भात, डाळ, तेल, मासळी हे सगळं पचवण्याची ताकद त्या रसात असते. इतका जहाल रस ग्रंथीला स्वतःला का खात नाही? कारण तो ग्रंथीत असेपर्यंत झोपलेला असतो. लहान आतड्यात पोचल्यावर जागा होतो. या आजारात हा क्रम बिघडतो. रस ग्रंथीतच जागा होतो आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते.

असं होण्याची मुख्य कारणं दोन. एक, पित्ताशयातला खडा घसरून सामाईक नळीच्या तोंडाशी अडकणं, दुसरं, दारू. मग ती बाटलीतली असो की मोहाची. रक्तातल्या ट्रायग्लिसराइड नावाच्या चरबीचं प्रमाण फार वाढलं तरी होतं. काही औषधांनी होतं. कधी कधी कारण सापडतच नाही. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना आणखी एक कारण हमखास पाठ असतं, ते म्हणजे वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या विंचवाचा दंश. आपल्याकडचा लाल विंचू हृदयावर घाला घालतो, तिकडचा स्वादुपिंडावर. विंचवाची आठवण मी उगाच काढलेली नाही. पुढे तिच्याकडे येणार आहे.

लक्षण एकदा ऐकून ठेवा. बेंबीच्या वर, मधोमध एकाएकी जोराची कळ येते. ती पाठीत आरपार जाते. उताणं झोपवत नाही. पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलं की किंचित बरं वाटतं. उलट्या थांबत नाहीत. आपल्याकडे याला ‘पित्त झालंय’ किंवा ‘गॅस धरलाय’ म्हणतात, सोडा पाजतात, पोटाला तेल चोळतात. तासाभरात न ओसरणाऱ्या अशा कळेवर सोडा पाजत बसू नका. ती हृदयविकाराचीही असू शकते. दोन्ही बाबतीत जागा रुग्णालयाचीच. तिथे रक्तातलं अमायलेज किंवा लायपेज तपासतात. ते नेहमीच्या कमाल पातळीच्या तिपटीहून वर असेल आणि दुखणं वर सांगितल्यासारखं असेल, तर निदान बहुतेक झालंच.

यातले पाचांपैकी चार रुग्ण साध्या उपचारांनी आठवडाभरात घरी जातात. पाचव्याचा मात्र आजार गंभीर होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं, रक्तदाब पडतो, लघवी कमी होते, दम लागतो. मूत्रपिंड, फुप्फुसं, हृदय यांपैकी एखादं किंवा जास्त इंद्रियं दोन दिवसांहून अधिक काळ कोलमडलेली राहिली, तर डॉक्टर त्या आजाराला ‘गंभीर’ म्हणतात. अशा रुग्णाला धोक्याच्या दोन वेळा असतात. पहिली पहिल्या आठवड्यात, इंद्रियं बंद पडण्याची. दुसरी साधारण दोन आठवड्यांनंतर, जेव्हा ग्रंथीच्या मेलेल्या भागात जंतू शिरतात. पहिल्या खेपेतून वाचलेला माणूस दुसऱ्या खेपेत जातो, असं आम्ही अनेकदा पाहतो. नळीची खरी गोष्ट या दुसऱ्या धोक्याशी जोडलेली आहे.

आमच्या आधीच्या पिढ्यांचा विचार असा होता: अन्न पोटात गेलं की स्वादुपिंड रस सोडतं. ग्रंथीला सूज आलेली, तर तिला विश्रांती हवी. म्हणून अन्न बंद, पाणी बंद. केसपेपरवर ‘एनबीएम’ ही अक्षरं लिहिली जात, म्हणजे तोंडानं काहीही नाही. हाड मोडलं की प्लॅस्टर घालतो, तसंच हे. ऐकायला अगदी पटण्यासारखं होतं. पण माणूस दोन-तीन आठवडे अन्नाविना जगणार कसा? त्याचीही सोय झाली. १९६८ च्या सुमाराला अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की साखर, प्रथिनं, क्षार, जीवनसत्त्वं हे सगळं मोठ्या शिरेतून दिलं तर जीव नुसता जगतो असं नाही, वाढतोसुद्धा. हा फार मोठा शोध होता. ज्यांचं आतडंच निकामी झालेलं असतं त्यांचे प्राण आजही त्यानं वाचतात. पण स्वादुपिंडाच्या आजारात तो सरसकट वापरला जाऊ लागला आणि आतडं रिकामंच राहिलं.

आतडं ही काही नुसती अन्न वाहून नेणारी पन्हळ नाही. तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत नव्या होतात, आणि त्यांचं पोषण बरंचसं समोरून जाणाऱ्या अन्नातूनच होतं. शिवाय हे अस्तर म्हणजे बांध आहे. आतल्या बाजूला अब्जावधी जंतू, बाहेरच्या बाजूला रक्त. कर्जतच्या शेतकऱ्याला हे लगेच समजतं. भातखाचराचा बांध चिखलानं लिंपला नाही, तर खेकडे भोकं पाडतात आणि खाचरातलं पाणी खालच्या शेतात जातं. बाहेरून बांध उभाच दिसतो, पण आतून तो पोकळ झालेला असतो. आतड्याला आठ-दहा दिवस अन्न मिळालं नाही की त्याचा बांध असा झिरपू लागतो. जंतू आणि त्यांची विषं रक्तात उतरतात, आणि मेलेल्या ग्रंथीचा मऊ चिखल त्यांना राहायला आयताच मिळतो. त्यातच शिरेतून अन्न देण्यासाठी मानेत किंवा छातीत घातलेली मोठी सुई म्हणजे जंतूंना आणखी एक दरवाजा. विश्रांती देण्याच्या नादात आपण बांधच खिळखिळा करत होतो.

हे नुसतं तर्कानं ठरलं नाही, ताडून पाहिलं गेलं. ग्रीसमधल्या पात्रास इथल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये ३८ गंभीर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना लहान आतड्यात उतरवलेल्या नळीतून अन्न दिलं, काहींना शिरेतून. नळीतून अन्न मिळालेल्यांत जंतुसंसर्ग कमी झाला, आणि शिरेतल्या अन्नाचा खर्च तिपटीनं जास्त ठरला. मग असे आणखी प्रयोग झाले. २०१० मध्ये आठ प्रयोगांतल्या मिळून ३४८ रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला गेला. शिरेतून अन्न मिळालेल्यांच्या तुलनेत नळीवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. संसर्ग, शस्त्रक्रियेची गरज, इंद्रियं बंद पडणं हेही कमी झालं होतं. हे प्रयोग लहान होते हे खरं, पण सगळ्यांचा कौल एकाच बाजूला होता.

तरीही कशेळ्यासारख्या गावाच्या दृष्टीनं एक अडचण उरली होती. सुरुवातीच्या प्रयोगांत नळी जठराच्या पलीकडे, लहान आतड्यात नेत. अन्न जठरात पडलं तर ग्रंथी चाळवेल, अशी शंका होती. तिथवर नळी न्यायची तर दुर्बीण हवी, एक्स-रेचं विशेष यंत्र हवं, ते चालवणारा माणूस हवा. म्हणजे पुन्हा मुंबई गाठणं आलं. ही शंका प्रथम ग्लासगोच्या डॉक्टरांनी तपासली आणि २००६ मध्ये दिल्लीच्या एम्सनं. दिल्लीच्या अभ्यासात ३१ गंभीर रुग्ण होते. निम्म्यांची नळी लहान आतड्यात, निम्म्यांची साधी, जठरात. दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. २०१२ मध्ये दिल्लीतूनच ७८ रुग्णांचा आणखी एक अभ्यास आला. त्यातही जठरातली साधी नळी कमी ठरली नाही. याचा सरळ अर्थ असा की, बहुतेक रुग्णांना जी नळी लागते ती घालायला वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरचे हात पुरतात.

मघाशी विंचवाचं नाव काढलं ते यासाठी. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून दाखवलं. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांनी ते मांडलं आणि विंचूदंशानं होणारे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. प्राण वाचवणारी गोष्ट महागडीच असते, ही समजूत आपल्या जिल्ह्यानं एकदा खोटी पाडलेली आहे. नाकातली नळीही त्याच जातीची आहे.

आता ‘लवकर’ म्हणजे किती लवकर? याचं उत्तर गेल्या काही वर्षांत बदललं आहे. लवकर अन्न चांगलं, तर मग पहिल्या चोवीस तासांतच सगळ्यांना नळी का घालू नये? नेदरलँड्समधल्या १९ रुग्णालयांनी २०८ रुग्णांवर हे करून पाहिलं. निष्कर्ष २०१४ मध्ये आला. अर्ध्यांना चोवीस तासांच्या आत नळी, अर्ध्यांना तिसऱ्या दिवसानंतर तोंडानं अन्न आणि ते न जमल्यासच नळी. मोठा संसर्ग किंवा मृत्यू पहिल्या गटात ३० टक्के, दुसऱ्यात २७ टक्के. म्हणजे फरक नाही. आणि दुसऱ्या गटातल्या जवळजवळ ७० टक्के लोकांना नळी लागलीच नाही. ते तोंडानं जेवू लागले.

तेव्हा आजची रीत अशी. दुखणं सोसण्याइतकं कमी आहे, उलट्या थांबल्या आहेत, माणसाला भूक लागली आहे, तर शक्यतो पहिल्या चोवीस तासांतच तोंडानं मऊ अन्न सुरू करावं. दुखणं पूर्ण थांबण्याची किंवा रक्तातला आकडा खाली येण्याची वाट पाहायची नाही. भाताची पेज, मऊ खिचडी चालते. चार दिवस नुसत्या पाण्यावर ठेवण्याची गरज नाही. तीन-चार दिवस होऊनही पुरेसं खाणं जात नसेल, तर नळी. कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर असलेल्या माणसाला तर खाताच येत नाही. त्याचा रक्तदाब स्थिरावला की एक-दोन दिवसांत नळीतून अन्न सुरू करतात. आणि नळीतूनही आतडं अन्न घेत नसेल, तेव्हाच शिरेतून. तोंड, मग नळी, मग शीर, हा क्रम लक्षात ठेवा.

जास्त दिलं म्हणजे जास्त चांगलं, असंही नसतं. नेदरलँड्समध्येच एका प्रयोगात नळीतून उपयुक्त जंतू, म्हणजे प्रोबायोटिक, दिले होते. २००८ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा सगळे हादरले. ते जंतू मिळालेल्यांपैकी १६ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ६ टक्के. सलाईनचंही तसंच. धो-धो सलाईन देण्यानं फायदा होत नाही, उलट अंगात पाणी साठतं, हे २०२२ मध्ये एका मोठ्या प्रयोगात दिसलं. म्हणून ‘आणखी एक बाटली लावा ना’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

आता त्या भीतीबद्दल. एका घराची गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही. डोंगराखालच्या वाडीतला चाळिशीतला माणूस. पावसाळ्यात भाताची लावणी, उन्हाळ्यात वीटभट्टी. लावणीच्या दिवसांत पोटात कळ आली. दोन दिवस घरीच गेले. शहरात पोचला तोवर लघवी कमी झालेली, दम लागलेला. पाचव्या दिवशी श्वास सुधारला, पण घोटभर पाणी घेतलं तरी उलटी. नळी घालू म्हटल्यावर बायको उठून उभी राहिली. म्हणाली, “नको डॉक्टर. सासऱ्याला अशीच नळी घातली होती, तो परत घरी आला नाय.”

मी विचारलं, सासऱ्याला काय झालं होतं? अर्धांगाचा मोठा झटका. शुद्ध नव्हती. मी तिला म्हटलं, नळीमुळे सासरे गेले नाहीत. त्यांना गिळता येत नव्हतं म्हणून नळी होती. विहिरीवर दोर सोडतात तो पाणी खोल गेलं म्हणून. पाणी आटलं त्याचा दोष दोराला कसा देणार? ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, “नळीतनं काय देणार?” मला वाटतं, तो प्रश्न होकाराचाच होता. आजाऱ्याच्या पोटात काय जाणार हे घरच्या बाईला कळलं की तिची अर्धी भीती जाते.

सुरुवातीला तासाला दोन मोठे चमचे, म्हणजे तीस मिलिलिटर. पोट फुगत नाही, उलटी होत नाही असं पाहून हळूहळू वाढवलं. ती बाई एका पुठ्ठ्यावर रेघा ओढून हिशेब ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात ताप आला. पोटात पू झाला होता. तो बाहेरून नळी घालून काढावा लागला. त्या सगळ्या दिवसांत नाकातली नळी चालू होती. चाळीसएक दिवसांनी तो माणूस आपल्या पायांनी चालत घरी गेला. त्याच पावसाळ्यात तशाच एका वाडीतून आलेला दुसरा रुग्ण मात्र दुसऱ्या आठवड्यात गेला. त्यालाही नळीतून अन्न दिलं होतं. नळी म्हणजे चमत्कार नाही. लढणाऱ्या शरीराला ती शिधा पोचवते. लढाई त्या शरीरालाच लढावी लागते.

शिध्याचा मुद्दा आपल्या भागात आणखी एका कारणानं महत्त्वाचा आहे. आषाढ-श्रावणात डोंगरातल्या अनेक घरांत कणगी रिकामी झालेली असते. कशेळ्याच्या ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेनं आदिवासी वाड्यांवर धान्यबँका चालवल्या त्या याच महिन्यांसाठी. अडचणीत धान्य उसनं घ्यायचं, सुगीनंतर परत करायचं. या दिवसांत आजारी पडणारा माणूस आधीच वाळलेला असतो. त्याच्या अंगात राखीव साठा नसतो. अशा माणसाला आणखी दहा दिवस उपाशी ठेवणं परवडत नाही. पण त्याला एकदम भरपूर देणंही घातक ठरतं. फार दिवसांच्या उपासानंतर अन्न जोरात सुरू केलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम अचानक खाली येतं आणि हृदय धोक्यात येतं. म्हणून डॉक्टर थोडक्यापासून सुरुवात करतात, रक्त तपासत राहतात, आणि विशेषतः दारू पिणाऱ्याला थायमिन हे जीवनसत्त्व आधी देतात. ‘एवढंसंच काय देताय?’ असं वाटलं तर हे कारण आठवा. पुढे चार-पाच दिवसांत पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला बाराशे ते पंधराशे कॅलरी आणि साठ ते पंचाहत्तर ग्रॅम प्रथिनं मिळतील, इथवर मजल न्यायची असते.

नळी असलेल्या रुग्णाजवळ बसणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. नळी घालताना रुग्णाला उमासे येतात, डोळ्यांत पाणी येतं. मिनिटभरात ते थांबतं. नळी जठरातच आहे याची खात्री, गरज पडली तर एक्स-रे काढून, केल्याशिवाय तिच्यातून काही देत नाहीत. खात्री झाली का, हे तुम्ही जरूर विचारा. अन्न चालू असताना आणि नंतरही काही वेळ डोक्याकडची बाजू उंच हवी, नाहीतर अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. खोकल्याची उबळ आली, दम लागला, पोट टम्म झालं, उलटी झाली, तर अन्न थांबवायला सांगा आणि सिस्टरना हाक मारा. नळी अर्धी बाहेर आली तर स्वतः आत ढकलू नका.

अन्न कोणतं, हे रुग्णालय ठरवतं. तयार पावडरचं साधं मिश्रण बहुतेकांना चालतं. या आजारासाठी म्हणून विकली जाणारी फार महाग, आधीच पचवलेली मिश्रणं प्रत्येकाला लागत नाहीत. काही ठिकाणी दूध, डाळ, साखर, तेल यांचं मिक्सरमधून काढून गाळलेलं पातळ अन्न देतात. ते ताजं आणि स्वच्छ भांड्यात केलेलं हवं, नाहीतर बांध वाचवायला जाऊन आपणच जंतू आत सोडू. घरून आणलेली पेज आपल्या मनानं नळीत कधीही ओतू नका. रक्तदाब फार खाली असेल किंवा आतडं कुठे अडलं असेल, तर डॉक्टर नळीतलं अन्नही थांबवतात; तो निर्णय त्यांचा.

आणि पैशांचं. दवाखान्याच्या दारात जमिनी गहाण पडताना मी पाहिल्या आहेत. शिरेतून द्यायच्या अन्नाच्या महागड्या पिशव्या आणायची चिठ्ठी हातात पडली, तर भांडू नका, घाबरू नका. शांतपणे विचारा: “तोंडानं देऊन पाहिलं का? नळीतून देता येईल का? येत नसेल तर कशामुळे?” चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. कधी कधी उत्तर ‘नाही, नळी चालणार नाही’ असं असतं आणि ते खरं असतं. पण प्रश्न विचारायला हवा. सरकारी आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हेही दाखल होतानाच विचारून घ्या.

बरं वाटल्यावर कारणाचं काय, हे विसरू नका. पित्तखड्यांमुळे सौम्य आजार झाला असेल तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढून घेणं चांगलं. आजार गंभीर होता तर पोटातली सूज आणि पाणी ओसरल्यावर. ‘आता दुखत नाही’ म्हणून शस्त्रक्रिया टाळणारे पुन्हा त्याच कळेनं येतात. दारूमुळे झालं असेल तर दारू बंद. कमी नव्हे, बंद.

श्रोतेहो, आपल्याकडे दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये म्हणतात. आजारी माणसाच्या आतड्यालाही हाच न्याय लावायला हवा. तोंडानं जमत असेल तर तोंडानं, नाहीतर नाकातून. पण घास पोचला पाहिजे. उद्या तुमच्या माणसाच्या खाटेपाशी उभं राहून डॉक्टर नळीविषयी बोलू लागले, तर ती निरोपाची खूण समजू नका. माणूस अजून आपला आहे आणि त्याला जेवू घालायचं आहे, एवढंच ते सांगत असतात.